एक्स्टॅटिक डान्स, पुणे: पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे नाही

पुण्यात नाचायला निमित्त लागतं. विसर्जन, वरात, नाहीतर सोसायटीतली नवरात्र. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेरकडच्या स्टुडिओत किंवा मुळशीच्या बाजूला एखाद्या फार्मवर भरणाऱ्या एक्स्टॅटिक डान्सला, म्हणजे डीजेच्या संगीतावर मनाला येईल तसं नाचायच्या सत्राला, असं काही निमित्त नसतं. स्टेप शिकवणारं कुणी नाही, दारू नाही, पायात चपला नाहीत, आणि दोन तास तोंडातून शब्द काढायचा नाही. पुणेकराला नाचण्यापेक्षा हे शेवटचं जास्त जड जातं. तिकिटाचे पैसे वसूल होतात ते मात्र त्या गप्प राहण्यामुळेच. बाकी बरीचशी सजावट.

हा प्रकार 2000 च्या सुमारास हवाई बेटांवर रुजला. त्याच्या मागे गॅब्रिएल रॉथ या अमेरिकी नृत्यशिक्षिकेची ‘फाइव्ह ऱ्हिदम्स’ ही पद्धत आहे. वाहती, ठाशीव, बेभान, हलकी आणि शेवटी निश्चल अशा पाच लयींतून ती शरीराला नेते. पुण्याला यात फार नवं वाटायचं कारण नाही. ओशोंच्या नटराज ध्यानात 40 मिनिटं डोळे मिटून नाच, 20 मिनिटं निश्चल पडून राहणं आणि 5 मिनिटं पुन्हा नाच असा साचा आहेच. फरक इतकाच की तिथलं संगीत ठरलेलं असतं, इथे डीजे समोरची माणसं बघून लावतो. त्यामुळे संध्याकाळ रंगणार की वाया जाणार, हे बरंचसं त्या एका माणसाच्या हातात असतं.

सत्र साधारण दोन ते अडीच तासांचं. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं सगळे गोल बसतात, नियम सांगितले जातात. मग मिनिटाला 60 ते 80 ठोक्यांचं संगीत सुरू होतं. या वेळी बरेच जण जमिनीवरच लोळत, आळोखेपिळोखे देत असतात, तेव्हा बावरू नका. पुढे वेग 110-120 वर येतो, शिखरावर 130 च्या आसपास, आणि उतरत उतरत शेवटची पंधरा मिनिटं सगळे आडवे. चांगला डीजे हा चढ इतका सावकाश चढवतो की पाय कधी उचलायला लागले ते कळत नाही. कच्चा डीजे पंचविसाव्या मिनिटालाच क्लबातला ठोका सोडतो, मंडळी उड्या मारतात आणि खरं शिखर येईपर्यंत निम्मे भिंतीला टेकलेले असतात.

नवखे लोकही इथेच फसतात. लाज लपवायला पहिल्याच वीस मिनिटांत सगळा जोर लावतात. वरातीत ते खपतं, कारण आजूबाजूला गर्दीचा आणि ताशाचा आडोसा असतो आणि ट्रॅफिकमुळे दर दहा पावलांवर विश्रांती मिळते. इथे आडोसाही नाही, विश्रांतीही नाही. पहिलं गाणंभर नुसता भार एका पायावरून दुसऱ्यावर न्या, गुडघे सैल ठेवा, खांदे आणि मान मोकळी करा. तेवढं पुरे. डोळे पूर्ण मिटून फिरू नका, कोपर कुणाच्या तरी नाकावर बसतं. गरगरलं तर एकदम थांबू नका. चालत कडेला या, मग बसा.

तिकीट काढण्याआधी आयोजकांना एकच गोष्ट विचारायची असेल तर जमिनीबद्दल विचारा. खाली थोडी पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीन सगळ्यात उत्तम, उडीचा दणका ती स्वतः सोसते. व्हिट्रिफाइड टाइल्स घाम सांडला की निसरड्या होतात, आणि घाम सांडणारच. खरखरीत शहाबादी फरशीवर गिरक्या घेतल्या की चवड्यांना फोड येतात. नुसत्या काँक्रीटवर दोन तास उड्या मारल्यावर दुसऱ्या दिवशी टाचा आणि नडग्या बोलतात. वर सतरंजी अंथरलेली असेल तर आणखी वाईट, ती पायाखालून सरकते. फार्मवरची हिरवळ फोटोत सुंदर दिसते, पण पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात खडे. ‘फ्लोअर मस्त आहे’ हे उत्तर नव्हे, फोटो मागा.

दुसरा प्रश्न आवाजाचा. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेने सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. एरवी हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की आवाज जास्त आहे हे समजतं. इथे बोलणंच नसल्याने ती खूण मिळत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते खिशात असू द्या आणि स्पीकरसमोरची जागा टाळा. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून काही ठिकाणी हेडफोन वाटतात. शेजाऱ्यांची सोय होते, पण घामाने हेडफोन घसरतात. दोन-तीन चॅनेल दिले तर सगळ्यांची लयही वेगवेगळी होऊन बसते. आमचं मत स्पीकरलाच.

नकार देण्याची खूण आधी शिकून घ्या. छातीशी हात जोडून मान किंचित लववली की अर्थ ‘नको, धन्यवाद’. नमस्काराचा असा उपयोग पुण्याला शोभतो. नाचताना कुणी जवळ आलं आणि नको वाटलं, तर एवढंच करून दुसरीकडे सरकायचं, कारण द्यायचं नाही. वरातीतल्यासारखं लाजऱ्या माणसाला हाताला धरून मध्ये ओढणं इथे चालत नाही, आणि तेच बरं आहे. आयोजकांनी ही खूण सुरुवातीच्या गोलात करून दाखवली नाही, किंवा तक्रार कुणाकडे करायची ते सांगितलं नाही, तर पुन्हा त्या ठिकाणी जाऊ नका. एकट्या जाणाऱ्या मुलींनी हे आधी फोनवरच विचारलेलं बरं. नाचणाऱ्यांचे मोबाईल बाहेर ठेवायला लावायचे आणि स्वतःचा कॅमेरावाला रील्ससाठी मध्ये फिरवायचा, हा दुटप्पीपणाही काही आयोजक करतात. कॅमेरा दिसला की माणसं पोज द्यायला लागतात, आणि शांततेची सगळी मेहनत पाण्यात जाते.

काही ठिकाणी आधी ‘काकाओ सेरेमनी’ असते, तिचे पैसे वेगळे. कोकोच्या बियांचं कडसर, दाट पेय. त्यात थिओब्रोमिन हे कॅफीनच्या जातीचं उत्तेजक असतं, थोडं कॅफीनही. रिकाम्या पोटी मळमळतं. हृदयविकाराची किंवा नैराश्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. नाच त्यावाचून अडत नाही, पैसे वाचवा.

जेवण दोन-अडीच तास आधी आणि हलकं. मिसळ नंतर. लिटरभर पाणी, नॅपकिन, बदलायला एक टी-शर्ट. ओढणी, अंगठ्या, लांब कानातलं घरी. गुडघ्याचं दुखणं किंवा रक्तदाब असेल तर उड्या वगळून नाचता येतं, कुणी बघत नसतं. कोरेगाव पार्कात जायचं तर बंडगार्डन मेट्रो स्टेशनवरून रिक्षा करा, गल्ल्यांत गाडी लावण्यात वेळ जातो आणि सुरुवातीचा गोल संपला की बरेच ठिकाणी दार बंद होतं.

शेवटी पुन्हा गोल होतो आणि ‘शेअरिंग’ सुरू होतं. बोलायची सक्ती नाही, पण दोन तास गप्प राहिलेले पुणेकर आता सुटतात. अर्धा तास सहज जातो. मेट्रो गाठायची असेल तर आडवं पडणं संपल्यावर हळूच उठून निघा. दुचाकीवर आला असाल तर मात्र दहा मिनिटं बसून पाणी प्या, ओला टी-शर्ट बदला आणि मगच किल्ली लावा. महागडे बूट घालून जाऊ नका, अंधारात सगळ्या चपलांच्या ढिगातून शोधावे लागतात.