सोलापूर-गोवा विमान : ३०० किमीला किती वेळ लागतो, खरंखरं

सोलापुरातून गोव्याला विमानाने जायचं म्हटलं की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, किती वेळ लागतो ओ. नकाशावर सरळ रेघ मारली तर होटगी रोडचं आपलं विमानतळ ते गोव्याचं मोपा विमानतळ साधारण ३०० किलोमीटर भरतं, फ्लाय ९१ कंपनीचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ताशी ५०० च्या आसपास जातं, म्हणजे हिशोबाने ३५-४० मिनिटं व्हायला पाहिजेत, पण तिकिटावर तासाभराची वेळ असते कारण तो वेळ विमान जागचं हललं तिथून धरतात, मग धावपट्टीवर जाणं, वर चढणं, तिकडं उतरायच्या आधी वळसा घेणं हे सगळं त्यातच आलं. अंतर कमी असलं तरी हा वेळ काय कमी होत नाही.

घरातून निघून विमानतळावर तास-दीड तास आधी पोचायचं धरा, उतरल्यावर बॅग आणि टॅक्सी धरा, तरी चार तासात तुम्ही पणजीत. रोडने विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट करत गेलं की ४०० किमीच्या वर, नऊ तास कुठंच गेले नाहीत, आणि म्हातारी माणसं गाडीत असतील तर त्याहून जास्त. माझ्या मते गोव्यासाठी हे विमान शंभर टक्के वर्थ आहे.

फक्त मोपा म्हणजे पेडणे तालुका, उत्तर गोवा, हे डोक्यात ठेवा. पणजी ३५ किमीच्या आसपास पण मडगाव बरंच लांब पडतं. कदंबाची, म्हणजे गोवा सरकारची, बस मिळते, टॅक्सी महाग. बांदा, सावंतवाडीकडं पाहुणे असतील तर मात्र मोपा एकदम जवळ, कोकणात जाणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

मुंबईचं गणित वेगळंय. स्टार एअरचं जेट आहे, सरळ अंतर ३६० किमीच्या आसपास, तिकिटावर तासभर. पण वंदे भारत सकाळी सहाला निघून साडेसहा तासात थेट सीएसएमटीला सोडते. काम फोर्टात असेल तर विमानाने वाचलेल्यातला बराच वेळ अंधेरीहून खाली येताना ट्रॅफिकमधे जातो, काम बीकेसी नाहीतर अंधेरीला असेल तर बिनधास्त विमान घ्या.

आपलं टर्मिनल लहान आहे आणि मला ते लई आवडतं, गेटपासून विमानापर्यंत चालत जायचं, मैलभर फिरवत नाहीत. विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मधे पाडली, त्यावरून गावात किती वाद झाला सगळ्यांना माहितीय, सप्टेंबर २०२४ मधे नवीन टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि गोव्याचं विमान सुरू व्हायला जून २०२५ उजाडला. एवढी वाट बघितलीय तर आता सीटा भरल्या पाहिजेत, रिकामं विमान कोण किती दिवस चालवणार.

बुक करताना तुमच्या तारखेला विमान आहे का ते आधी बघा. एटीआरला पंख वर असतात त्यामुळे खिडकीतून खालचं मस्त दिसतं, पाऊस पडून गेल्यावर सह्याद्री बघायलाच पाहिजे. पंख्याजवळच्या सीटांना आवाज जास्त येतो, मागची घ्या, चढउतार पण मागच्याच दारातून असते.