मेलबर्नच्या शाळेतला 'रिस्पेक्टफुल रिलेशनशिप्स' प्रोग्राम: एका मराठी आईचा रिव्ह्यू

जानेवारीच्या शेवटी शाळा सुरू झाल्या की इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो, की शाळेत हे रिस्पेक्टफुल रिलेशनशिप्स म्हणून नक्की काय शिकवतात आणि एवढ्या लहान पोरांना कशाला हे सगळं. माझी दोन्ही मुलं सरकारी शाळेत, धाकटी ग्रेड वनला, मोठा इयर सेव्हनला, दोघांनाही प्रेपपासून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षापासून, हे शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे हे सेक्स एज्युकेशन नाहीये, ते वेगळं असतं. याचं मटेरियल युनिव्हर्सिटी ऑफ मेलबर्नच्या लोकांनी बनवलंय, प्रेपपासून इयर ट्वेल्व्हपर्यंत, आणि शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर फुकट आहे, कोणीही डाउनलोड करून वाचा, मी वाचलंय. आठ विषय आहेत. भावना ओळखणं, स्वतःतले चांगले गुण, मन ताळ्यावर आणणं, प्रॉब्लेम सोडवणं, ताण, मदत मागणं, असे सहा आधी येतात, आणि मग मुलगा म्हणजे असं मुलगी म्हणजे तसं हे जे साचे असतात ते आणि शेवटी एकमेकांशी नीट वागणं आणि हिंसा. म्हणजे पोरगं मारामारीपर्यंत पोचायच्या आधी त्याला राग आलाय हे त्याला स्वतःला कळायला पाहिजे, तिथून सुरुवात आहे, आणि मला हा क्रम अगदी पटतो.

हे आलं कुठून तेही माहीत असू दे. 2014 च्या फेब्रुवारीत इथे मेलबर्नजवळच्या टायब गावात ल्यूक बॅटी नावाच्या 11 वर्षांच्या मुलाला त्याच्या वडिलांनीच क्रिकेट प्रॅक्टिसनंतर मैदानावर ठार मारलं. आपण सगळे पोरांना क्रिकेटला सोडतो ना, तसंच मैदान. त्याची आई रोझी बॅटी गप्प बसली नाही, बोलत राहिली, 2015 ला त्या ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर झाल्या, त्याच वर्षी व्हिक्टोरियात, म्हणजे आपल्या राज्यात, कौटुंबिक हिंसाचारावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं आणि मार्च 2016 मध्ये 227 शिफारशींचा रिपोर्ट आला. सरकारने सगळ्या स्वीकारल्या. त्यातलीच एक ही, की सगळ्या सरकारी शाळांत हे शिकवायचं.

आता आमच्या घरातलं सांगते. धाकटीच्या वर्गात घरातली कामं कोण करतं यावर गप्पा झाल्या होत्या, तेव्हा सासूबाई इथे व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या, आणि जेवताना हिने सरळ विचारलं, आजी तू नेहमी सगळ्यांच्या नंतर का जेवतेस. सासूबाई म्हणाल्या, सवय आहे गं बाळा. तर ही म्हणे पण मग तुझी पोळी गार होते. नवरा काही बोलला नाही पण उठून तव्यापाशी गेला आणि आईंना म्हणाला तू बस. कोणी लेक्चर दिलं नाही, कोणाचा अपमान झाला नाही. काही जणांना भीती वाटते की पोरं घरी येऊन आईबापाला शिकवतील, मला तर वाटतं असं विचारलं तर विचारू दे.

सगळ्यात उत्तम भाग मात्र मदत मागण्याचा. कुठली गोष्ट आपली आपण निभावता येते आणि कुठली मोठ्यांना सांगितलीच पाहिजे, मित्राने काही सांगितलं तर काय करायचं, कोणाकडे जायचं, हे छोट्या छोट्या प्रसंगांवरून करून घेतात. वर्गात एखादं मूल सगळ्यांसमोर घरातलं काही बोलायला लागलं तर टीचर त्याला हळूच थांबवतात आणि नंतर एकटं भेटून ऐकतात, हे गाइडमध्येच लिहिलेलं आहे. आपण लहानपणापासून काय ऐकलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. शेजारच्या काकूंच्या घरून आवाज यायचे आणि आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढवायचे, तेव्हा आम्हा पोरांना कोणाला सांगायचं हे माहीतच नव्हतं. माझ्या मुलाला किड्स हेल्पलाइनचा नंबर पाठ आहे, 1800 55 1800, 5 ते 25 वयाच्या कोणालाही फुकट आणि रात्री-अपरात्री कधीही चालतो. तुमच्या मुलांनाही सांगून ठेवा.

जे कमी पडतं ते पण सांगते. सगळं टीचरवर अवलंबून आहे. मोठ्याला एका वर्षी इतकी छान टीचर होती की तो घरी येऊन स्वतःहून बोलायचा, पुढच्या वर्षी मात्र नुसत्या वर्कशीट भरून घेतल्या आणि टर्म संपली, आम्ही विचारलं तर वेळ पुरला नाही म्हणाले. असं चालत नाही, हे गणितासारखं आठवड्याच्या आठवड्याला झालं पाहिजे.

दुसरं, आपल्या लोकांच्या घरात जे होतं ते यात मला फारसं दिसलं नाही. सासरचा जाच, बायकोचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर असल्याने तिला परत पाठवायची धमकी, पगार कोणाच्या अकाउंटला जातो. कायदा इथला पुढे आहे, व्हिक्टोरियाने 2018 च्या दुरुस्तीत हुंड्यासाठी छळ हा कौटुंबिक हिंसाचार म्हणून कायद्यात घातलाय आणि पैशाची अडवणूक, मुलांच्या कानावर-डोळ्यांवर हे सगळं पडणं हे आधीपासूनच त्यात आहे. पण नववी-दहावीतल्या आपल्या मुलींना हे वर्गात कळलं पाहिजे, कारण घरी त्यांना कोणी सांगणार नाही. परदेशातून आलेल्या बायकांसाठी इनटच नावाची संस्था आहे, घरच्या हिंसाचारात मदत करणारी ऑरेंज डोअर नावाची सरकारी केंद्रं आहेत, त्यांची माणसं शाळेत येऊन पालकांशी बोलली तर किती बरं होईल.

मुलग्यांच्या बाबतीत मला हा प्रोग्राम जास्तच गरजेचा वाटतो. रडू नको मुलीसारखं, हे आपल्याकडे अजून लाडाने म्हणतात. माझा मोठा टीम हरली की रडतो आणि पाच मिनिटांनी नीट होतो, आणि त्याला त्याची लाज नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. कॅथलिक किंवा प्रायव्हेट शाळेत घालणार असाल तर ॲडमिशनच्या आधीच विचारून घ्या, तिथे सरकारी शाळेसारखी सक्ती नाही, काही शाळा घेतात, काही नाही. सरकारी असेल तर टीचरला विचारा की या टर्मला कुठला विषय आहे, म्हणजे घरीही बोलता येतं. आणि पालकांची मीटिंग असेल तर बाबांनीसुद्धा जा प्लीज, मी गेले तेव्हा बहुतेक आयाच होत्या.