इंजिनला पाच स्टार, बॉडीला एक : आमच्या जुन्या बी-275 ट्रॅक्टरचं "ओरिजिनल" काम

गॅरेजचं नाव टाकत नाही, कारण मिस्त्री माणूस म्हणून वाईट नाही आणि जुन्या इंजिनात त्यांच्या तोडीचा हात आमच्या भागात दुसरा नाही. पण "जुने ट्रॅक्टर ओरिजिनल करून मिळतील" असा बोर्ड बघून कुणी गाडी द्यायला निघालं असेल तर आधी हे वाचा आणि मग जा. एकूण तीन स्टार देतोय, इंजिनला पाच आणि बॉडीला एक, त्याची सरासरी.

गाडी इंटरनॅशनल बी-275. आबांनी (आजोबांनी) 1974 ला भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतलेली. आजची पोरं 275 म्हटलं की लगेच महिंद्राची 275 डीआय समजतात, ती ही नव्हे, ही तिची आजी. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं इंग्लंडात ब्रॅडफर्डला जॉवेट मोटारींचा कारखाना विकत घेतला, तिथून 1956 ला बी-250 काढली आणि 1958 पासून बी-275. मग 1963 ला महिंद्रा, हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि हीच गाडी आपल्या कांदिवलीत बनायला लागली. 1977 ला ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. म्हणजे आमची गाडी विलीनीकरणाच्या आधीची, बोनेटवर इंटरनॅशनलचा बिल्ला असलेली. हे एवढं पुराण सांगायचं कारण पुढे येतंय.

पाच वर्षं गाडी शेडात उभी होती, वर कडब्याच्या पेंढ्या. घरात अण्णांचं म्हणणं विकून टाका, भंगारवाला येऊन किलोवर भाव सांगून पण गेला होता. गावातल्या जुन्या गाड्यांचं काय झालं ते डोळ्यासमोर होतं ना, पाटलांचा रशियन ट्रॅक्टर गॅसकटरनं कापून दोन टेम्पोत गेला, एका झेटर 2511 चं इंजिन वीटभट्टीवर पंपाला जोडलंय आणि पुढची चाकं पाण्याच्या टँकरला, एक फोर्ड 3600 तेवढी चांगल्या भावात गेली कारण तिला अजून गिऱ्हाईक आहे. बी-275 ला तसं गिऱ्हाईक नाही, म्हणजे तिच्यापुढे दोनच रस्ते, कटिंग नाहीतर घरचं कुणीतरी वेड्यासारखं पैसे घालणार. ते वेडं मी.

आधी चांगलं सांगतो. इंजिन बीडी-144, यातला 144 म्हणजे घन इंच, साधारण 2360 सीसी, चार सिलिंडर, 35 एचपीची गाडी. मिस्त्रींनी हेड खोलल्यावर मला बोलावून घेतलं आणि प्रत्येक लायनरवर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) बोट फिरवायला लावलं, वरच्या कडेला नख अडकत होतं, म्हणाले "ही पायरी लागली का हाताला, आता नुसत्या रिंगा टाकून भागत नाही, लायनर-पिस्टनच लागणार." उगाच खर्च वाढवला नाही, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) मापून बघितला आणि पॉलिशवर भागवला. जुने पार्ट गोणीत भरून परत दिले, हे फार कमी जण करतात. एक गोष्ट मला त्यांनीच शिकवली, हार्वेस्टरच्या मूळ कास्टिंगवर (ओतीव भागावर) जो पार्ट नंबर उठवलेला असतो त्यात आकड्यांच्या मधेच इंग्रजी आर येतो. आमचं ब्लॉक, गिअरबॉक्सचं हाऊसिंग, मागचं ॲक्सल, सगळीकडे तो आर निघाला. काळं ग्रीस खरवडून तो नंबर वर आला तेव्हा त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त आनंद झालेला. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो मात्र कधीच गेलेला, आबांनीच अल्टरनेटर टाकलेला, तो तसाच ठेवा म्हटलं.

आता गाडी दहा सेकंद हीटर (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारा प्लग) दिला की अर्ध्या चक्रात सुरू होते. धूर सुरुवातीला थोडा, मग साफ. आठ पुढचे गिअर, दोन मागचे, एकही सुटत नाही. डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) पण चालू करून दिला, तो आम्ही लहानपणापासून जाम बघितलेला. इथवर माणसाला हार घालावा असं काम.

मग गाडी गेली मागच्या शेडमधे, डेंटिंग-पेंटिंगला, आणि तिथे मिस्त्रींचा पुतण्या बसतो.

चूक माझी पण आहे, मी लिहून दिलं नाही, नुसतं तोंडी सांगितलं "ओरिजिनल करा." माझ्या डोक्यात ओरिजिनल म्हणजे जे आहे ते टिकवा, गंज थांबवा, नसेल तेवढंच आणा. त्याच्या डोक्यात ओरिजिनल म्हणजे शोरूममधून आल्यासारखी. हा फरक मला पंधरा दिवसांनी कळला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गाडी बघितली तर आरशासारखी चमकतेय, लाल इतका लाल की लग्नातल्या घोड्याची झूल. बोनेट आमचं नाहीच, डुप्लिकेट, नव्या 275 चं. ते बसावं म्हणून पुढचा ब्रॅकेट गॅसनं कापून दुसरा वेल्ड केलेला. आणि दोन्ही बाजूला हे मोठं स्टिकर, 275 डीआय! अरे बाबा, डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, आणि तुझा काका ज्या इंजिनला हीटर प्लग बदलून बसलाय ते मुळात डायरेक्ट इंजेक्शनचं नाहीच. 1974 च्या गाडीवर डीआयचं स्टिकर म्हणजे आजीच्या फोटोखाली नातीचं नाव. मी हे सांगितलं तर पुतण्या म्हणतो "साहेब, पण लोकांना हेच आवडतं." आवडत असेल.

तेही चाललं असतं, स्टिकर काय सोलून निघतं. मला लागलं ते टूलबॉक्सच्या झाकणाचं. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला आबा खिळ्यानं ओरखडून तारखा लिहायचे, ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी, कुठल्या सालच्या गळिताला उसाच्या किती खेपा झाल्या. शाळा चौथीपर्यंत, म्हणून अक्षर मोठं आणि तिरकं. सुरुवात 74 पासून, शेवटची ओळ 2006 ची. गाडीचं सगळं सर्व्हिस रेकॉर्ड तेच, कागद कुणी ठेवलेच नव्हते. पुतण्यानं त्यावर ग्राइंडर फिरवून, लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरून, घासून, रंग मारून दिला. "लय चरे होते साहेब, एक पण ठेवला नाही," असं वर कौतुकानं सांगितलं. मी काही बोललोच नाही तेव्हा, काय बोलणार.

चासी नंबरची पट्टी पण लांबीखाली गेलेली, ती मी तिथेच उभं राहून पातळ थिनरनं मोकळी करून घेतली. हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, नंबरावर ग्राइंडर लागला तर आरसी बुकाशी जुळणी करताना आरटीओत घाम फुटेल, आणि गाडी विकायची झाली तर घेणारा पहिलं तेच बघतो.

आता विंटेज नंबरचं. पुण्याचा आमचा दादा म्हणाला पन्नास वर्षं झालीत, व्हीए सिरीजचा नंबर घे, भाव वाढेल. मी चौकशी केली. 2021 च्या नियमात पन्नास वर्षांची अट आहे हे खरं, वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत, पण तो नियम दुचाकी आणि प्रवासी कारसाठी आहे, ट्रॅक्टर त्यात बसत नाही. आणि गंमत बघा, त्यातही अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे उद्या ट्रॅक्टर घेतले तरी आमचा कापलेला ब्रॅकेट आडवा येणार. मंत्र्यांच्या, राजेरजवाड्यांच्या मोटारी वारसा झाल्या आणि ज्यानं माळरान फोडलं तो अजून भंगाराच्या दरात, हा माझा राग वेगळा, तो गॅरेजच्या खात्यात लावत नाही.

खर्च : इंजिनचे 92 हजार, बॉडीचे 48 हजार. इंजिनचे परत द्यायला लागले तरी देईन. बॉडीचे मात्र मी पैसे देऊन गाडीची किंमत कमी करून घेतली. मागच्या महिन्यात एक जण बघायला आला होता, असल्या गाड्या गोळा करणारा, त्यानं रंगाकडे ढुंकून बघितलं नाही, खाली वाकून कास्टिंगचे नंबर बघितले, "इंजिन झकास" म्हणाला, मग बोनेटवर टिचकी मारली आणि पत्र्याचा आवाज ऐकून हसला. जुनं बोनेट कुठाय, एवढंच विचारलं.

तेच शोधायला मी तीनदा गॅरेजला गेलो. दोनदा "भंगारात गेलं" असं उत्तर. तिसऱ्यांदा मिस्त्री स्वतः होते, त्यांनी पुतण्याला चार शब्द सुनावले आणि मागे घेऊन गेले. बोनेट उलटं टाकून त्याचा टब केलेला, आत डिझेल आणि त्यात कुणाच्या तरी गिअरबॉक्सचे पार्ट धुवायला ठेवलेले. पालथं केलं तर पुढच्या टोकाला दर खंडेनवमीच्या कुंकवाचा थर तसाच, काळपट लाल, बोटाच्या पेरापर्यंत जाड. बिल्ल्याचा एक स्क्रू गेलाय, बिल्ला आहे. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, चहा पाजला, आणि ब्रॅकेट पुन्हा जुन्यासारखा करून देतो म्हणाले पण मुहूर्त लागेना.

म्हणून सध्या जुनं बोनेट घरीच चढवलंय. ब्रॅकेट जुळत नाही तर पुढून बाइंडिंगची तार बांधलीय, खडखडते थोडी. अण्णा रोज सकाळी एक चक्कर मारून येतात आणि शेजारचे विचारतात, एवढे दीड लाख घातले आणि तार का हो बांधली.