कमाल ठोके: सूत्र, टीएमटी की सेमिनरी हिल्सचा चढ?

झोन टूच्या, म्हणजे ठोके साठ-सत्तर टक्क्यांत ठेवून सावकाश पळण्याच्या, नादी लागलं की पहिला प्रश्न येतो, हे टक्के काढायचे कशाचे? कमाल ठोक्यांचे, म्हणजे हृदय मिनिटाला जास्तीत जास्त जितके ठोके देऊ शकतं त्यांचे, हे खरं. पण ते कळायचे कसे? सूत्र, टीएमटी म्हणजे हृदयाची ट्रेडमिलवरची तपासणी, आणि चढावर पळणं, मी तिन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो.

सूत्राबद्दल फार बोलत नाही. २२० वजा वय सगळ्यांना पाठ आहे. २००१ साली आलेलं ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ त्यातल्या त्यात बरं म्हणतात. माझं वय ४६. एकानं १७४ येतात, दुसऱ्यानं १७६. दोन्ही सरासरीच, एका वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो. १७४ धरले तर माझा झोन टू १२२ ला संपायचा. अंबाझरी तलावाकाठी जरा पाय उचलला की मनगटावर घड्याळाचं टूं टूं सुरू, आणि तेवढ्यात चालणारे आजोबा पुढे निघून जायचे. हौस असेल तर सूत्र चालवून घ्या, फुकट आहे.

मग वाटलं, यंत्रच काय ते सांगेल. गेलो टीएमटीला. छातीवरचे केस जागोजागी भादरले, इलेक्ट्रोड चिकटवले, पट्टा सुरू झाला. या चाचणीत दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. पहिले दोन टप्पे म्हणजे नुसती चाल. तिसऱ्यात कुठं मला जरा धाप लागायला लागली, अंग मोकळं झालं, आता खरी मजा येणार म्हणेपर्यंत पट्टा मंदावला.

“काका, झालं तुमचं टार्गेट,” यंत्रावरचा पोरगा म्हणाला.

“अरे भाऊ, आत्ता तर सुरू झालं!”

“१४८ झाले ना. ८५ टक्के.”

८५ टक्के कशाचे? तर २२० वजा ४६ चे! ज्या आकड्यावर विश्वास नव्हता म्हणून पैसे मोजले, त्याच आकड्याच्या कुंपणाशी मला थांबवलं. त्या पोराचा दोष नाही. ही तपासणी हृदयाला रक्त कमी पडतंय का ते बघायला असते, धावणाऱ्यांचे झोन काढायला नाही, आणि काही ठिकाणी पार दमेपर्यंत पळवतातही म्हणे. पण माझं मन तिथंच उडालं. रिपोर्ट चांगला आला, त्याचा आनंद वेगळा.

राहिला चढ. नागपुरात चढ शोधावा लागतो; माझ्यापुरता सेमिनरी हिल्सचा पुरतो. डिसेंबरातली सकाळ, फुटाळा तलावाकडून वीस मिनिटं हळूहळू पळत अंग तापवायचं. मग दोन-तीन मिनिटं जोरात वर, रमतगमत खाली. असं तीनदा, आणि शेवटच्या खेपेला काही शिल्लक ठेवायचं नाही. तिसऱ्यांदा वर पोचलो तेव्हा गुडघ्यांवर हात, तोंडात लोखंडाची चव, आणि छातीला बांधलेल्या, ठोके मोजणाऱ्या पट्ट्यावरून घड्याळात १८७. आठवड्यानं पुन्हा केलं, १८६. म्हणजे सूत्र तेरानं चुकलं होतं. १८७ च्या हिशोबानं झोन टू १३१ पर्यंत जातो, आणि १३१ ला मी पळतो, रांगत नाही.

एक मात्र, मनगटावरच्या आकड्यावर यात भिस्त ठेवू नका. माझं घड्याळ कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं. वॉर्मअपलाच १७४ दाखवलं तेव्हा कळलं. छातीचा पट्टा हवा. थंडीत घाम नसतो, त्यामुळे तो कोरडाच राहतो आणि भलतेच आकडे फेकतो. पाण्यानं ओला करा. मी थुंकी लावतो, बायको तोंड फिरवते. मे महिन्यात हा खेळ नको. उन्हात ठोके तसेच वर असतात, पाय आधी हार मानतात. सायकलवाल्यांनी आपली चाचणी सायकलवरच घ्यावी, तिथं आकडा बहुधा पाच-दहानं खाली येतो.

सगळ्यांनी उद्याच चढावर जावं असं मी म्हणणार नाही. बीपीच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, त्यांचं गणित निराळं. छातीत कधी दुखलं असेल, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, किंवा चाळिशीनंतर नव्यानंच पळायला लागला असाल, तर आधी डॉक्टर. आणि त्यांनी सांगितलं तर टीएमटी तिच्या खऱ्या कामासाठी जरूर करा. मग चढ. एकट्यानं नको, सोबतीला कुणीतरी असू द्या.

आणि एका सकाळीसाठी पट्टा विकत घेऊ नका, कुणाचा तरी मागून आणा. मी मेहुण्याचा आणला होता. थुंकीचं त्याला कळल्यापासून तो परत मागत नाही.