लाकूड, गॅसदाहिनी की भूमिडाग : एका वर्षातील तीन अंत्यविधींचा अनुभव

गेल्या श्रावणापासून या वैशाखापर्यंत आमच्या नात्यात तीन मृत्यू झाले. वडिलांना, म्हणजे आप्पांना, पांझरा नदीकाठच्या आमच्या गावी लाकडाच्या सरणावर अग्निडाग दिला. मामांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला होता, त्यामुळे त्यांना भूमिडाग झाला, म्हणजे देह जमिनीत पुरला. मावशींचे दहन तालुक्याच्या गावी एका विश्वस्त संस्थेच्या गॅसदाहिनीत झाले. तिन्ही वेळा खर्चाची वही माझ्याच हातात होती, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. अशा वेळी दर विचारणे लोकांना अशोभनीय वाटते, आणि नेमक्या त्याच संकोचापायी मध्यम व गरीब घरे कर्जात उतरतात, हे मी आमच्याच भाऊबंदांत पाहिले आहे.

आप्पा गेले तेव्हा चार दिवसांची झड लागली होती. गावच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे, पण लाकूड वखारीच्या उघड्या आवारातून आले आणि ते बाभूळ व निंबाचे ओले लाकूड होते. कोरडे लाकूड असेल तर एका प्रौढ देहाला साधारण ३०० ते ४०० किलो पुरते. आम्हाला साडेचार क्विंटल घेऊनही सरण धरेना. शेजारच्या दोन घरांतून गोवऱ्यांची पोती आली, कोणी मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा भारा आणला, तरीही शेवटी डिझेल ओतावे लागले. आप्पांच्या पायांकडची बाजू जळाली नव्हती आणि एक चुलतभाऊ लांब बांबूने ती लाकडे पुन्हा वर ढकलत होता, हे दृश्य आमच्यापैकी कोणीच विसरू शकलेले नाही. खर्च म्हणाल तर लाकडाचे ४,०५०, ट्रॅक्टरचे ८००, डिझेल, कापड, बांबू, मडके व इतर साहित्य मिळून दोन हजारांच्या आसपास, म्हणजे एकूण सात हजारांच्या आत. गावात खांदेकरी मिळतात, तिरडी बांधणारे मिळतात, सरण रचणारे जाणते म्हातारेही मिळतात आणि त्यांपैकी कोणी पैसे घेत नाही. उन्हाळ्यात व हिवाळ्यात, कोरडे लाकूड हाताशी असेल तर, गावचे सरण आजही परवडणारे आहे. पावसाळ्यात मात्र वखारवाल्याला भाव विचारण्याआधी लाकूड शेडमधले आहे का, हे विचारावे.

मामांचा भूमिडाग हिवाळ्यात झाला. लिंगायत, नाथपंथी गोसावी, महानुभाव आणि सातपुड्याच्या बाजूच्या अनेक आदिवासी कुटुंबांत देह भूमीला देण्याची रीत आहे, आणि तान्ह्या बाळाला तर जवळजवळ सगळेच समाज पुरतात. त्यामुळे हा पर्याय आपल्याकडे परका नाही. लाकडाचा प्रश्न येत नाही. खर्च होतो तो खड्डा खोदण्याचा. वरचे दोन हात काळी माती होती, तिच्याखाली मुरूम लागला आणि पहारीने काम होईना, म्हणून जेसीबी बोलवावा लागला. त्याचे दीड हजार आणि दोन गोण्या मीठ, एवढाच मोठा खर्च. पंथात पिंडदान नाही, कावळा शिवण्याची वाट पाहणे नाही, त्यामुळे पुढच्या दहा-बारा दिवसांचा खर्चही वाचला. मठातून आलेल्या बाबांनी दोन शब्द सांगितले, नामस्मरण झाले आणि मंडळी शांतपणे घरी परतली. अडचण आहे ती जागेची. मामांचे स्वतःचे शेत नव्हते आणि पंथाची भूमी चार कोसांवर होती. तिथे जागा मिळेल की नाही, हे मृत्यूनंतर फोन करून विचारावे लागले. ज्यांना भूमिडागच हवा आहे त्यांनी ही चौकशी हयातीतच करून ठेवावी, कारण शहरात अशी भूमी अपुरी आहे.

आता गॅसदाहिनी. मावशी चैत्राच्या शेवटी गेल्या, पारा ४३ अंशांवर होता आणि मुलगी सुरतेहून यायची होती. त्यामुळे आधी देह थंड ठेवणारी शवपेटी आणावी लागली. एका रात्रीचे भाडे १,५०० पडले. खानदेशच्या उन्हाळ्यात त्यात काटकसर करण्यासारखे काही नाही. त्याच वेळी कोणीतरी परस्पर एका ‘संपूर्ण व्यवस्था’ करणाऱ्याला बोलावले. त्याने शवपेटी, फुलांनी सजवलेला रथ, साहित्य, भटजी असे सगळे मिळून १६,००० सांगितले आणि वर जीएसटी वेगळा लावला. वस्तुस्थिती अशी आहे की २०१७ च्या जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अंत्यसंस्कार, दफन, दाहिनी व शवागाराची सेवा आणि मृतदेहाची वाहतूक या गोष्टी कराच्या कक्षेबाहेरच ठेवलेल्या आहेत. मी हे सांगितल्यावर त्याने कराची ओळ खोडली आणि लगेच रथाचेही दोन हजार कमी केले. शेवटी आम्ही त्याच्याकडून फक्त शवपेटी घेतली. ज्या घरात बोलणारे कोणी नव्हते त्या घरांनी त्याला किती दिले असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

दाहिनीचे शुल्क २,५०० होते आणि ज्याची ऐपत नाही त्याला ते माफ होते, तशी सूचना दारावरच लावलेली आहे. तिथला चालक पन्नाशीचा, अत्यंत सौम्य माणूस. त्याने आधी डॉक्टरांचा दाखला व आधार कार्ड पाहिले, मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले, “भाऊ, मावशींच्या छातीत मशीन बसवलेली आहे का?” पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांकडून आधी काढून घ्यावा लागतो, नाहीतर उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. मला हे ठाऊक नव्हते. मावशींना तो नव्हता, पण हा प्रश्न प्रत्येक घराने दवाखान्यातच विचारायला हवा. रबराची गादी, प्लास्टिकच्या पिशव्या, नायलॉनची साडी आत जाऊ द्यायची नाही, हे त्याने न रागावता समजावले आणि सुती साडी बदलण्यासाठी बायकांना वेळ दिला.

आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचा मुख्य आक्षेप विधींचा होता. मडके खांद्यावर घेऊन प्रदक्षिणा, जीवखड्याने मडक्याला छिद्रे पाडणे, मुखात तुळस व पाणी, हे सगळे दाहिनीसमोरच्या ओट्यावर व्यवस्थित झाले. भडाग्नीऐवजी छातीवर कापूर ठेवून मुलीने तो पेटवला, आणि मग रुळांवरचा ट्रे आत सरकला. कवटी फुटल्याचा आवाज ऐकून मगच निघायचे, ही जुनी रीत मात्र इथे पाळता येत नाही, आणि थोरल्या काकांना ते फार लागले. त्यांची भावना मी कमी लेखत नाही. सव्वा तासात दहन पूर्ण झाले. चालकाच्या सांगण्यानुसार एका देहाला १९ किलोचे एक सिलिंडर जवळजवळ पूर्ण लागते. ट्रे थंड झाल्यावर त्याने राख बाजूला केली, अस्थी लहान चिमट्याने वेचून तांब्याच्या कलशात ठेवल्या, आणि कलश मुलीच्या हातात देताना स्वतःच्या पायातली चप्पल काढली. ते त्याला कोणी सांगितलेले नव्हते. धूर नाही, अर्धवट जळण्याची भीती नाही, सावडायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा जाणे नाही. माझे मत विचाराल तर पावसाळ्यात आणि ज्यांचे नातलग लांबून येतात त्यांच्यासाठी गॅसदाहिनी निःसंशय उत्तम. त्रुटी दोनच आढळल्या. रात्री आठनंतर दाहिनी बंद असते, आणि बसायला सावलीतली बाके फारच थोडी आहेत, म्हातारी माणसे उन्हात ताटकळली.

चौथा पर्याय देहदानाचा आहे. मावशींची तशी इच्छा होती, पण आम्हाला ती उशिरा कळली. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली आपल्याकडे देहदान होते आणि धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हयातीत अर्ज भरला तरी वेळेवर वारसांची संमती लागते. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह स्वीकारत नाहीत, म्हणून दुसरा पर्याय मनाशी तयार असावा. नेत्रदानाला मात्र अग्निडाग किंवा भूमिडाग आड येत नाही. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि खोलीतला पंखा बंद करावा.

कागदांची बाब थोडक्यात सांगतो. घरी मृत्यू झाला तर नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला त्याच दिवशी घ्यावा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद २१ दिवसांत करायची असते, गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिकेत. आप्पांची नोंद दुखवट्यात राहून गेली, तेव्हा विलंब शुल्क भरून ती करावी लागली आणि बँकेची कामे महिनाभर अडली.

तिन्ही वह्या समोर ठेवल्या तर सर्वांत मोठा आकडा अग्नीचा किंवा भूमीचा नाही, तो नंतरच्या दिवसांचा आहे. आप्पांच्या गंधमुक्तीला, म्हणजे दुखवटा संपण्याच्या विधीला, वरण-बट्टीच्या पंगती उठल्या, मंडप आला, पितळी भांडी वाटली गेली आणि त्यावर बासष्ट हजार गेले. आप्पा अनेकदा म्हणत, “मन्हा मांगे करज काढू नका रे.” आम्ही ते ऐकले नाही, कारण अंगणात उभ्या असलेल्या पन्नास माणसांपुढे नाही म्हणण्याचे बळ कोणात नव्हते. मावशींच्या वेळी मुलीने दशक्रियेला फक्त घरची माणसे बोलावली. अस्थींचा थोडा भाग प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापी नदीत सोडला आणि उरलेली राख शेताच्या बांधावर आंब्याच्या रोपाखाली घातली. नाशिकला दोन गाड्या नेण्याचा खर्च वाचला आणि कोणाचेही मन दुखावले नाही.

अक्षय्य तृतीयेला आईने स्वतःहून विषय काढला. आप्पांचे सरण तिने स्मशानात जाऊन पाहिले नव्हते, पण बांबूने लाकडे ढकलल्याची गोष्ट तिच्या कानावर आलीच होती. “माले वल्लं लाकूड नको,” ती म्हणाली. मग तिने सांगितले तसे मी एका कागदावर लिहून घेतले : गॅसदाहिनी, सुती लुगडे, रथ नको, नेत्रदान करावे, पंगत फक्त घरच्यांची, आणि मडके धाकटीने धरावे. खाली तिची सही घेतली. कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात कपाटात ठेवला आहे आणि त्याचे फोटो आम्हा तिन्ही भावंडांच्या फोनमध्ये आहेत.