लोककला महोत्सवासाठी घेतलेली मंडप, प्रकाश आणि ध्वनी सेवा: एक अभिप्राय

धानाची कापणी आटोपली की आमच्या गावात तीन दिवसांचा लोककला महोत्सव भरतो. खडी गंमत (उभ्याने सादर होणारा, तमाशासारखा शाहिरी प्रकार), दंडार (नाच, गाणी आणि संवादांचे लोकनाट्य) आणि खंजेरी (चकत्या लावलेले हातवाद्य) वाजवत गायले जाणारे खंजेरी भजन ही त्याची मुख्य अंगे आहेत. यंदा मंडप, प्रकाश आणि ध्वनी ही तिन्ही कामे आम्ही गडचिरोली जिल्ह्यातील वडसा परिसरातील एकाच सेवेकडे 78 हजार रुपयांत सोपवली होती. आयोजन समितीत रंगमंचाची जबाबदारी माझ्याकडे असल्याने पहिली बल्ली रोवल्यापासून हिशेब मिटेपर्यंत मी त्यांचे काम जवळून पाहिले. असा कार्यक्रम घेऊ इच्छिणाऱ्या इतर मंडळांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

मंडपाबद्दल तक्रारीला जागा नाही. सेवेचे मालक आठ दिवस आधी स्वतः आले, रिकाम्या बांधीत (धानाच्या शेतात) पहार रोवून ओल किती खोल आहे ते त्यांनी पाहिले आणि आम्ही ठरवलेली रंगमंचाची जागा बदलून धुऱ्यालगतच्या (शेताच्या बांधालगतच्या) कोरड्या भागात घेतली. कनाती आणि सतरंज्या वेळेवर आल्या. आमच्याकडे लोक बसायला तणस (धानाचा पेंढा) पसरतात, हे ध्यानात घेऊन त्यांनी केबल उंचावरून नेल्या आणि जनरेटर तणसापासून बराच दूर ठेवला, याचे मला विशेष मोल वाटते.

विजेचे नियोजनही विचारपूर्वक केलेले होते. पूर्वी आम्ही हजार वॅटचे आठ हॅलोजन लावत असू, म्हणजे नुसत्या उजेडाचाच भार आठ किलोवॅट होत असे. यांनी एलईडी दिवे लावल्यामुळे तो पुष्कळ खाली आला आणि 25 केव्हीएचा जनरेटर पुरून उरला. दिवे आणि ध्वनी यांना वेगवेगळे फेज दिल्याने स्पीकरमध्ये घरघरही आली नाही.

अडचण आली ती ध्वनीची, आणि ती केवळ या एका सेवेची नाही. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातील नाटकांचे, मोठे केंद्र आहे. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना या रंगभूमीवरील कार्यासाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. या भागातील साऊंडवाल्यांचा हात साहजिकच नाटकावर बसलेला असतो. नाटकात पात्र माइकच्या टप्प्यात येऊन बोलते आणि वादक आपली जागा सोडत नाहीत. खडी गंमतीत मात्र सारे उभ्यानेच चालते. शाहीर पुढे येतो, मागे सरतो, वळून साथीदाराला प्रश्न विचारतो आणि ढोलकीवाला त्याच्यासोबत हलत असतो. पहिल्या दिवशी यांनी नाटकाप्रमाणे वरून तीन माइक सोडले आणि ढोलकीला वेगळा माइक अगदी जवळ दिला. परिणामी ढोलकी शेवटच्या रांगेपर्यंत घुमली, पण गौळणीतले सवाल-जवाब पहिल्या दहा रांगांपलीकडे पोहोचले नाहीत. खंजेरीच्या चकत्यांचा आवाज मुळातच तीक्ष्ण असतो. तिच्यापुढे चार बोटांवर माइक धरला की भजनाचे शब्द त्याखाली दबून जातात, आणि नेमके तेच झाले.

दुसरा दिवस अधिक कठीण गेला. करारात दोन तंत्रज्ञ ठरले असताना त्यातील जाणता माणूस परस्पर एका लग्नाच्या कामावर पाठवला गेला आणि मिक्सरवर एक शिकाऊ मुलगा उरला. दंडारीत स्त्रीपात्र प्रवेश करत असतानाच स्पीकरने शिट्टी धरली आणि ती आवरायला वीस मिनिटे गेली. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे, सवलतीचे मोजके दिवस वगळता, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. त्यामुळे आमचा कार्यक्रम पाच ते दहा असा बांधलेला असतो आणि गेलेला वेळ भरून काढता येत नाही. दंडारीचा शेवटचा भाग आम्हाला गाळावा लागला. वर्षभर तालीम करून आलेल्या वयस्क कलावंतांना हे सांगताना मला फार वाईट वाटले.

त्याच रात्री मी मालकांना फोन केला. त्यांनी सबब सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला ते स्वतः आले, कलावंतांना माइकशिवाय म्हणायला लावले आणि मंडपाच्या टोकाला उभे राहून ऐकत राहिले. नंतर त्यांनी ढोलकीचा माइक काढूनच टाकला, शाहिराच्या कपड्याला लहान कॉर्डलेस माइक लावला, खंजेरीचा माइक हातभर मागे घेतला आणि स्पीकर रंगमंचाच्या रेषेपुढे सरकवले. त्या संध्याकाळी धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांनाही प्रत्येक शब्द कळला. दहिवर पडू लागताच त्यांनी सर्व स्पीकर वरून ताडपत्रीने झाकले, तेही कोणी न सांगता.

हिशेबात डिझेलचे पैसे वेगळे धरले होते आणि ते आम्हाला आधी सांगितलेले नव्हते. बोलणे केल्यावर त्यांनी निम्मी रक्कम सोडली.

पुढील वर्षाचे काम आम्ही त्यांनाच दिले आहे. ठरलेला तंत्रज्ञ तिन्ही दिवस जागेवर राहील, प्रत्येक संचाला दुपारी अर्धा तास माइकशिवाय ऐकले जाईल आणि डिझेल एकूण रकमेतच धरले जाईल, अशा तीन अटी करारात वाढवल्या आहेत. त्यांनी वाद न घालता सही केली आणि पुढच्या वेळी पहिल्या दिवसाची पहिली वेळ दंडारीच्या संचाला द्यावी, असे स्वतःहून सुचवले.