‘गाडीला पासिंग नाही’ म्हणून घाबरवलं आणि ताईचा क्लेम खाल्ला

सोलापुरात बॅटरीची स्कूटर आता घरोघरी झाली आहे. तुमच्या घरात कुणी ती चालवत असेल, तर हे वाचा आणि ओळखीच्यांना पाठवा. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलं ते तिला विचारूनच लिहितो आहे. तक्रार चालू असल्यामुळे कुणाचं नाव घेत नाही.

ताई अक्कलकोट रोडच्या बाजूला युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात शिलाईकाम करायची. नगावर पैसे, महिन्याला 12,000 च्या आसपास. रोजचं रिक्षाभाडं परवडेना म्हणून दाजींनी तिला कमी स्पीडची बॅटरी स्कूटर घेऊन दिली. सुट्टी झाल्यावर ती घरी निघाली होती. चौकातला सिग्नल बंद होता. ती सरळ चालली होती, आणि समोरून आलेला मालाचा टेम्पो न थांबता उजवीकडे वळला. ताईच्या उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. आत रॉड आहे, गुडघा पूर्ण वाकत नाही. शिलाईच्या पॉवर मशीनचं पायडल उजव्या पायानं चालतं. ते काम आता तिला जमत नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी एक माणूस शहाळं घेऊन वॉर्डात आला. मी तेव्हा पुण्यात नोकरीवर होतो, दाजी एकटेच तिथे होते. आमच्या घरच्यांना अजून एफआयआरची प्रत मिळाली नव्हती, त्याच्या फाईलमध्ये मात्र तिची झेरॉक्स होती. तो ताईला अक्का म्हणाला, दाजींना अण्णा म्हणाला. ‘काय टेन्शन घेऊ नका अण्णा, आपण आहे की. असल्या केसा रोज करतो.’ आणि मग हळूच आवाज खाली आणून म्हणाला, ‘पण एक अडचण आहे बघा. अक्काच्या गाडीला पासिंग नाही, नंबर नाही, इन्शुरन्स नाही. अक्काकडं लायसन पण नाही. टेम्पोवाल्याचा वकील हे काढणार आणि केस अक्कावरच उलटणार. कंपनी एक रुपाया देत नाही असल्या गाडीला. आपली ओळख आहे म्हणून काहीतरी काढून देतो.’

सगळी फसवणूक या चार वाक्यांवर उभी राहिली. ही भीतीच खोटी होती, म्हणून आधी तेवढं नीट सांगतो.

ज्या बॅटरी स्कूटरच्या मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, ती केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ‘मोटार वाहन’ धरलीच जात नाही. फक्त त्या मॉडेलला तसं चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असावं लागतं. अशा गाडीला पासिंग लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही, लायसन लागत नाही, विमाही लागत नाही. ताईची गाडी तसलीच होती. बिल आणि प्रमाणपत्राची प्रत घरातल्या कपाटात होती. म्हणजे तिनं कुठलाही नियम मोडलेला नव्हता. ज्या कागदांच्या नावानं तिला घाबरवलं, ते तिच्या गाडीला लागूच नव्हते.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण आपल्याकडे हे सर्रास चालतं. काही दुकानदार ‘पासिंग नको’ म्हणून गाडी विकतात आणि वर स्पीडचं लॉक काढून देतात. मग तीच गाडी 40–45 नं पळते. असं लॉक काढलं की ती कायद्यानं साधी मोटरसायकलच झाली, तिला पासिंग, लायसन, विमा सगळं लागतं. हे करू नका. तुमच्या गाडीखाली कुणी सापडलं तर भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल. पण तशी गाडी असली तरी समोरच्याच्या चुकीची भरपाई बुडत नाही. लायसन नसणं म्हणजे आपोआप अपघाताला हातभार लावणं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 सालीच एका दुचाकीच्या प्रकरणात सांगितलं आहे. चूक कुणाची हे चौकात काय घडलं त्यावरून ठरतं. आणि उजवीकडे वळणाऱ्या गाडीनं समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. एफआयआर टेम्पोवाल्यावरच होता! त्या माणसाच्या हातात तो कागद होता, त्यानं तो वाचलेला होता, आणि तरी तो म्हणाला की केस अक्कावर उलटेल.

ताई गुंगीत होती. दाजी दवाखान्याच्या बिलानं पार खचले होते. त्यानं आणखी एक भीती घातली, ‘सहा महिन्यांची मुदत आहे, आज सही झाली तर बरं.’ मुदतीची गोष्ट खरी आहे. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. मात्र सहा महिने म्हणजे आज रात्री नव्हे. ऑपरेशन झालेल्या बाईच्या हातात पेन देण्याएवढी घाई कुठल्याच कायद्याला नसते. त्या दिवशी वकीलपत्रावर, दोन कोऱ्या कागदांवर आणि एका बँकेच्या खाते उघडण्याच्या फॉर्मवर ताईच्या सह्या झाल्या.

खात्याचं कारण मला नंतर कळलं. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईची रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याबद्दल निर्देश दिले. हेतू चांगला, मधल्या माणसाच्या हाताला पैसा लागू नये. पण या टोळक्यांनी त्यावरही वाट काढली आहे. खातं तुमच्याच नावानं उघडायचं, पण मोबाईल नंबर त्यांचा. पासबुक, एटीएम, सही केलेले चेक त्यांच्या कपाटात. कागदावर पैसे तुम्हाला मिळालेले असतात.

दावा दाखल झाला. काही महिन्यांनी ताईला कुबडीवर कोर्टात नेलं. ‘आज फक्त हजेरीची सही आहे अक्का.’ ज्यांच्या नावानं वकीलपत्र होतं ते वकील तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले, तेही पाच मिनिटं. नंतर त्या माणसानं घरी येऊन 70,000 रुपये रोख दिले. ‘पासिंग नव्हतं ना गाडीला, कंपनीनं एवढंच दिलं. मी भांडून काढलेत.’ ताईनं त्याला चहा करून दिला, आभार मानले. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

हे उघडकीला आलं ते सरकारच्या लाडकी बहीण योजनेच्या पैशामुळे. ताईचे हप्ते नेहमीच्या खात्यात यायचे बंद झाले. दाजी चौकशीला गेले तेव्हा कळलं की आधार आता दुसऱ्याच खात्याला जोडलेलं आहे. त्या बँकेत जाऊन उतारा काढला. टेम्पोच्या विमा कंपनीकडून 2,10,000 रुपये जमा झालेले. त्याच आठवड्यात चेकनं सगळे काढलेले. त्यानंतर आलेले लाडक्या बहिणीचे हप्तेसुद्धा एटीएमनं काढलेले.

मी रजा घेऊन सोलापूरला आलो आणि कोर्टात नकलेचा अर्ज केला. नक्कल हातात आली तेव्हा सगळं समोर आलं. ‘हजेरीची सही’ म्हणजे लोकअदालतीतली तडजोड पुरसिस होती, म्हणजे तडजोड मान्य असल्याचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन. दाव्यात ताईचा धंदा ‘घरकाम’ आणि उत्पन्न महिना 6,000 लिहिलं होतं. कारखान्याचं कामाचं पत्र, पगाराची वही, काहीच जोडलेलं नव्हतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला तिला कुणी सांगितलंच नाही. ते आम्ही आता सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय मंडळाकडून काढलं, 25 टक्के आलं. आणि ज्या पासिंगच्या नावानं एवढा धाक दाखवला, त्याबद्दल विमा कंपनीच्या जबाबात एक ओळही नाही.

किती बुडालं ते कळावं म्हणून हिशोब मांडतो. अशा दाव्यांत न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट, वर्षाचं उत्पन्न, भविष्यातली वाढ, वयानुसार गुणक आणि कमाईची क्षमता किती गेली याचा गुणाकार करतं. 2009 च्या सरला वर्मा निकालातला तक्ता यासाठी वापरतात. ताई 38 वर्षांची आहे, 36 ते 40 वयाला गुणक 15. नगावर काम करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातली वाढ 40 टक्के धरतात. 12,000 प्रमाणे वर्षाचे 1,44,000, वाढ धरून 2,01,600. त्याला 15 नं गुणलं की 30,24,000. त्याचे 25 टक्के म्हणजे 7,56,000. यात औषधपाणी, बुडालेली मजुरी, यातनांची भरपाई, व्याज काहीच धरलेलं नाही. शिवाय 2010 च्या एका निकालानं स्पष्ट केलं आहे की डॉक्टरांनी लिहिलेले टक्के आणि कमाईचं नुकसान एकच नसतं, त्या माणसाचं काम काय हे बघायचं असतं. पायडल मारणाऱ्या बाईचा उजवा पाय गेला तर कमाईचं नुकसान 25 टक्क्यांवर थांबत नाही. न्यायाधिकरणानं नेमकं किती दिलं असतं ते मी सांगू शकत नाही, पण 2,10,000 हा आकडा या हिशोबाच्या जवळपासही नाही. आणि त्यातलेही ताईच्या हाती 70,000.

लोकअदालतीला मी वाईट म्हणत नाही. नीट वकील असेल आणि आकडा समजून घेतला असेल तर तिथे वर्षानुवर्षांची खेप वाचते. पण एक गोष्ट सही करण्याआधी पक्की ठाऊक हवी. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. फसवून सही घेतली असेल तर एकच वाट राहते, उच्च न्यायालयात रिट याचिका. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे, त्यामुळे मुंबईच्या चकरा तरी वाचल्या. आमची याचिका तिथेच करायची तयारी चालली आहे.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे, बँकेला लेखी कळवून खातं गोठवलं आहे, वकिलांविरुद्ध महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अर्ज गेला आहे. ‘जिंकलं तर इतके टक्के’ असा करार करायला वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि अशी माणसं पाठवून गिऱ्हाईक गोळा करायलाही. कोर्टाच्या दलालांना तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्येच आली आहे, ती सप्टेंबर 2024 पासून लागू आहे. वॉर्डात शहाळं घेऊन येणाऱ्याला हे बोलून दाखवा, तो पुन्हा येतो का बघा.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते वेगळंच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तिथे स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. मुलांना, कामगारांना, अपंगांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही. 15100 वर फोन केला तरी माहिती मिळते. ज्या इमारतीत ताईकडून ती सही घेतली, तिथेच ही सोय होती, आणि तिला तिथवर नेणारा माणूस ते दार टाळून तिला नेत होता. आता आम्ही त्याच ऑफिसातून वकील घेतला आहे. बाई अत्यंत समजूतदार आहेत, प्रत्येक कागद ताईला वाचून दाखवतात.

त्यांनी सांगितलेल्या काही गोष्टी तशाच सांगतो. अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी 48 तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवायची असते, आणि जखमीला त्याचे हक्क सांगणारा फॉर्म द्यायचा असतो. आम्हाला तो कुणी दिला नाही, तुम्ही मागून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, पीडिताचाही तो हक्क आहे. पंचनाम्याचा नकाशा बघा. गाड्या कुठे पडल्या, काचा कुठे सांडल्या, टेम्पो कुठून वळला हे त्यात बरोबर आहे का? चुकीचं असेल तर तेव्हाच लेखी हरकत द्या. चौकातल्या आणि जवळच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण फार दिवस टिकत नाही, ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्या एक-दोन दिवसांत करा. आमच्या बाबतीत ते पुसलं गेलं. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून गंभीर जखमीला 50,000 आणि मृत्यू झाल्यास 2,00,000 मिळतात, तो अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात. आणि स्कूटरचं बिल, मोटरची ताकद लिहिलेलं प्रमाणपत्र आजच शोधून एका पाकिटात ठेवा.

ताईसारखीच माणसं या शहरात आणखी असणार याची मला खात्री आहे, कारण त्या माणसाच्या फाईलमध्ये इतरांचेही एफआयआर दाजींनी स्वतः पाहिले होते. विडी वळणाऱ्या, लूमवर जाणाऱ्या, कारखान्यात शिलाई करणाऱ्या कुणाच्या नावानं अपघातानंतर नवं खातं उघडलं असेल आणि पासबुक दुसऱ्याकडे असेल, तर उद्याच आधार घेऊन त्या बँकेत जा आणि खात्याचा उतारा मागा. नंतर कोर्टात आपल्या दाव्याच्या नकलेसाठी अर्ज करा. उताऱ्यातला आकडा आणि हातात आलेला आकडा जुळला नाही तर पोलिसांत तक्रार द्या. एकाच पद्धतीच्या चार तक्रारी आल्या तर पोलिसांनाही तपास पुढे न्यावा लागेल, आणि ताईची याचिकाही त्यानं भक्कम होईल.